ऐकू येईल इतकंच

"आम्ही तिथे पोचलो, की पहिले दोन महिने कंपनीच्याच जागेत राहायचं," असं गुंड्या म्हणाला आणि आक्काने कप बशीत ठेवायचा तो बशीच्या काठावर ठेवला. एवढंच झालं. चहा सांडला नाही, बशी फुटली नाही, कुणी मान वर करून पाहिलंही नाही. गुंड्या, तिचा धाकटा भाऊ, खिडकीशी एका पायावर उभा राहून बुटाची नाडी बांधत होता, वहिनी, त्याची बायको, डबे भरत होती आणि भिंगरी, त्यांची पंधरा वर्षांची मुलगी, केसांत कंगवा तसाच अडकवून भूमितीची वही शोधत सगळ्या उशा उलट्यापालट्या करत होती. सात वाजून दहा मिनिटं झाली होती. आक्काचं मौन सुटायला अजून वीस मिनिटं होती. उठल्यापासून साडेसातपर्यंत बोलायचं नाही हा तिचा नेम. आई गेली त्या वर्षापासूनचा, म्हणजे एकोणीस वर्षांचा. शेवटच्या आठवड्यात आईची वाचा गेली होती आणि दोघी हातांनी बोलायच्या. पाणी, उशी, खिडकी, पुरे. आई गेल्यावर तिच्यासाठी रोज काहीतरी करावं असं वाटलं आणि दुसरं काही सुचलं नाही. घराला त्याची सवय झाली होती. सकाळी तिला कुणी काही विचारत नसे. सांगत मात्र सगळे असत, कारण मध्ये तोंड न घालता ऐकून घेणारं माणूस त्या घरात दुसरं नव्हतं. तसंच आत्ता गुंड्याने सांगितलं, नाडीला दुहेरी गाठ मारली आणि जिना उतरून गेला. साडेसात वाजले तेव्हा तो खाली बसच्या रांगेत उभा होता, आणि शब्द वर खोलीत राहिला होता.

आपण म्हणाला असता तर काहीच नव्हतं. पण आम्ही म्हणाला. आक्काने बसमध्ये तो शब्द पुन्हा पुन्हा कानाशी धरून पाहिला. ऐकण्यात चूक झाली म्हणावं, तर या दोन शब्दांत ती होण्यासारखी नव्हती. 'म्ह' नाकातून घुमत येतो, जाड असतो, कान अधू झालेल्या म्हाताऱ्यांनाही तो शेवटपर्यंत ऐकू येतो. 'प' म्हणजे ओठांवरची नुसती फुंकर. एकाच्या जागी दुसरा ऐकू यायचा नाही. मग तो म्हणाला कुणाला? बायकोला म्हणाला असता तर आपण म्हणाला असता. लेकीला, तरी आपणच. आम्ही हा शब्द माणूस बाहेरच्याला सांगताना वापरतो, जो आपल्यात नाही त्याला. घरात परकं कुणी नव्हतं. खोलीत चार माणसं होती, त्यातली तीन जायची होती, तर वाक्य चौथ्या माणसासाठी होतं. असा हिशेब तिने तिसऱ्या थांब्यापर्यंत तीनदा मांडला आणि तीनही वेळा उत्तर तेच आलं. शेजारच्या बाईने विचारलं, "तुम्ही उतरणार का?" आणि आक्का इतकी दचकली की एक थांबा आधीच उतरली.

ती कान तपासायची. इस्पितळाच्या मागच्या अंगाला, क्ष-किरणाच्या खोलीच्याही पलीकडे, एक जाड दाराची खोली होती. तिला आतून गालिचा लावला होता, जमिनीला, भिंतींना आणि छताला सुद्धा. दार लागलं की जग कुणी चिमटीत धरून बंद केल्यासारखं वाटे. आत तपासायचा माणूस कानाला पेटीचे कर्णे, म्हणजे हेडफोन, लावून बसायचा, बाहेर दुहेरी काचेच्या अलीकडे आक्का तिच्या यंत्रापाशी, आणि एकतीस वर्षं ती तेच वाक्य म्हणत आली होती: "आवाज आला की बटण दाबा. अगदी बारीक आला तरी दाबा. आला असं वाटलं तरी दाबा." मग एक सूर सोडायचा, ऐकू आला की दहा डेसिबलने खाली उतरायचं, नाही आला की पाचने वर चढायचं, असं खाली-वर करत त्या माणसाला जेमतेम ऐकू येईल तिथे येऊन थांबायचं. दोनदा विचारलं तर एकदा येतो आणि एकदा येत नाही, अशी ती जागा. तिथे कागदावर खूण करायची. उजव्या कानाला लाल गोल, डाव्याला निळी फुली. लोक फार निष्पाप असतात त्या खोलीत. सूर सोडलेलाच नसताना बटण दाबतात, कारण त्यांना ऐकू यायला हवं असतं. त्या दिवशी सकाळी बँडमध्ये तुतारी वाजवणारे एक गृहस्थ आले. बसल्या बसल्या म्हणाले, "बाई, मला ऐकू येतं हो. बायकोने पाठवलंय. तिचं म्हणणं, मला तिचं बोलणं ऐकू येत नाही."

"आणि येतं का?"

"पस्तीस वर्षं येतंय. आता जरा कानांना विश्रांती देतोय."

एरवी ती हसली असती. आज तिने त्यांना कर्णे लावले, काचेअलीकडे येऊन बसली आणि सूर सोडायचाच विसरली. आणि तुतारीवाले, डोळे मिटून, मोठ्या प्रामाणिकपणे बटण दाबत राहिले.

घरात गेले दोन महिने दुसरं बोलणं नव्हतं. गुंड्या लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत होता आणि कंपनी इथलं ऑफिस गुंडाळत होती. जुन्या माणसांना परदेशातल्या दोन शहरांपैकी एक निवडायला सांगितलं होतं, महिनाअखेर कळवायचं होतं. त्या शहरांची नावं घरात कुणाला धड उच्चारता येत नव्हती, म्हणून भिंगरीने त्यांना आपली नावं ठेवली: एक शहाणं आणि एक खट्याळ. शहाण्या शहरात पोरी एकट्यादुकट्या बसने कुठेही जातात, दारं बिनकुलपाची राहतात, आणि दोन खोल्यांच्या भाड्यात अर्धा पगार जातो. रविवारी खिळा ठोकला तर शेजारी पत्र पाठवतात म्हणे. खट्याळ शहराला समुद्र आहे, भाडं निम्मं, माणसं गॅलरीतून गॅलरीत गप्पा मारतात, आणि भर दुपारी हातातला फोन ओढून नेतात. तिथे आधी गेलेल्या एका सहकाऱ्याच्या मुलीच्या मागे दोघं जण बस थांब्यापासून घरापर्यंत चालत आले होते, हेही कळलं होतं. भिंगरीने मोठ्या कागदावर तीन रकाने आखून तो कपाटाच्या दाराला चिकटवला होता. सुरक्षितता, खर्च, राहणीमान. ज्याला जे कळेल ते त्याने येता-जाता लिहायचं. पहिले दोन रकाने भराभर भरले. तिसऱ्यापाशी सगळे अडायचे.

"आत्या, राहणीमान म्हणजे नक्की काय लिहू गं?"

"राहणी काय ते लिही. मान मिळतो की नाही ते गेल्यावर कळेल."

तेव्हा सगळे हसले होते, गुंड्या सगळ्यात मोठ्याने. त्या हसण्यात आक्का होती. त्या कागदावर तिच्या अक्षरात सात ओळी होत्या. पाण्याची चव कशी असेल, दवाखाना किती लांब, खिडक्या पूर्वेला मिळतील का. कुणी तिला विचारलं नव्हतं, की तूही येणार ना. विचारायचं असतं ते पाहुण्याला. तिने नकाशात खट्याळ शहराचा किनारा बोटाने इतक्या वेळा चालून पाहिला होता की एका वळणावरचा बाक तिने मनातल्या मनात धरून ठेवला होता. जेवणाच्या सुट्टीत, कुणाला न सांगता, ती तिथल्या भाषेतले आकडे शिकत होती. वीसपर्यंत येत होते. त्रेपन्नाव्या वर्षी वीसपर्यंत आकडे यायला लागले याचा तिला इतका आनंद झाला होता, की एकदा इस्पितळाचा जिना चढताना ती पायऱ्या त्याच भाषेत मोजून आली आणि सतराव्या पायरीवर समोरून येणाऱ्या नर्सने विचारलं, "आक्का, कसला मंत्र?"

तिला घरं बदलायची भीती कधीच नव्हती. त्यांचे वडील पूल बांधणाऱ्या खात्यात होते. पूल पुरा झाला की बदली. गाडीच्या मागच्या भागात पत्र्याच्या पेट्या, त्यांवर गाद्या, गाद्यांवर ती आणि मांडीत गुंड्या. ती चौदा वर्षांची होती आणि तो चार, तेव्हा ते एका छापखान्याच्या वर राहायला गेले. खाली दिवसभर यंत्र चालायचं आणि वरची जमीन पायांखाली बारीक थरथरायची. भांडी मांडणीवर आपापसात कुजबुजायची. आई पहिले आठ दिवस कपाळाला हात लावून बसली. वडील म्हणायचे, "अगं, फुकटची मालिश आहे पायांना." मग सवय झाली, इतकी, की दोन वर्षांनी ते शांत वस्तीत गेले तेव्हा गुंड्याला दुपारची झोपच येईना. तो डोळे उघडे ठेवून पडायचा आणि म्हणायचा, "आक्का, घर चालू कर." घर चालू कर! मग ती त्याच्या पाठीवर हात ठेवून तोंडाने छापखाना करायची. खटक् खटक् सुर्र, खटक् खटक् सुर्र. कागद आत जाताना खटक्, बाहेर येताना सुर्र. पाचशे-सातशे कागद छापून झाले की तो झोपायचा. पुढे वडील गेले, तिची नोकरी लागली, त्याचं शिक्षण झालं, आई गेली, त्याचं लग्न झालं. तिचं लग्न राहून गेलं. लिहून ठेवलेलं पत्र पेटीत टाकायचं राहून जावं तसं, कुणी मुद्दाम न ठेवता. या सगळ्यात आपण हा शब्द असा अंगावरच्या रोजच्या लुगड्यासारखा होता, की तो दिसायचाच नाही. तो आज कुणीतरी काढून घडी घालून तिच्या हातात दिला होता.

त्या संध्याकाळी तिने विचारायचं ठरवलं होतं. बसमध्ये वाक्य जुळवलं होतं, सोपं, हसत विचारता येईल असं. पण गुंड्या आला तो थकलेला, लिफ्टच्या तेलाचा वास घेऊन, आणि पाय धुऊन बसल्याबरोबर शहाण्या शहरातल्या थंडीचं सांगायला लागला. आणि आक्काच्या तोंडून, तिने न जुळवलेलं वाक्य निघालं: "मग तुम्हाला जाड कपडे लागतील. आधीच करून घ्या." तुम्हाला. म्हणजे आपल्याला नव्हे. गुंड्या बोलता बोलता थांबला. त्याने तिच्याकडे पाहिलं, नंतर कपाटावरच्या कागदाकडे पाहिलं, आणि म्हणाला, "हो. लागतील." एखाद्याने समोरच्याला दार उघडून द्यावं आणि समोरच्याने ते नम्रपणे लावून घ्यावं तसं काहीतरी झालं. सकाळच्या शब्दाला संध्याकाळचा शब्द जाऊन बसला, पातेल्यावर झाकण बसावं तसा, आणि आत काय शिजतंय ते दोघांनाही दिसेनासं झालं.

त्यानंतरचे आठ-दहा दिवस घर जास्तच गोड वागलं. वहिनी तिच्या ताटात आधी वाढू लागली. गुंड्याने तिच्या खोलीच्या खिडकीची, सहा वर्षं कुरकुरणारी कडी दुरुस्त केली. भिंगरी येऊन विनाकारण मांडीवर डोकं ठेवून जायची. आक्काला वाटलं, आजारी माणसाशी असंच वागतात. ती इस्पितळात तेवीस वर्षांच्या मुलींपासून नव्वदीच्या म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांचे कान तपासत होती आणि घरी आली की तिच्याच कानांना बारीक बारीक आवाज जाणवत होते: दाराआडचं थांबलेलं बोलणं, कागदाची घडी, वहिनीचा "हळू" असा उसासा. आकडे शिकणं तिने सोडून दिलं. वीसवरच राहिले. तिला रागही आला, आणि तो चांगला जाड, म्ह-सारखा घुमणारा राग होता. बटाटे सोलताना, केस विंचरताना, प्रार्थनेला बसतानासुद्धा तो मांडी घालून समोर बसायचा. ज्याला मी छापखाना होऊन झोपवलं, असं ती स्वतःशी म्हणायची, आणि मग तिला त्या वाक्याची लाज वाटायची. केलेलं मोजायला लागलं की ते केलेलं राहत नाही, असं आई म्हणायची.

रविवारी दुपारी ती आणि वहिनी गॅलरीत वाळलेल्या चादरींच्या घड्या घालत होत्या. एकीने दोन टोकं धरायची, दुसरीने दोन; ताणायची, झटकायची, आणि मग चालत एकमेकींकडे येऊन टोकं जुळवायची. तिसऱ्या चादरीला वहिनी टोकं घेऊन जवळ आली आणि तिने ती सोडलीच नाहीत.

"आक्का, एक विचारू? तुम्हाला आमच्याबरोबर यायचंच नाही का?"

"कोण म्हणालं?"

"तुम्हीच म्हणालात ना परवा. तुम्हाला जाड कपडे लागतील म्हणून. त्या दिवसापासून ह्यांचं जेवणात लक्ष नाही."

आक्काला हसू आलं. "अगं, आधी तो म्हणाला. सकाळी. आम्ही तिथे पोचलो की."

वहिनी आठवत राहिली. "सकाळी? ... अहो, त्या दिवशी त्यांना जागा दाखवणाऱ्या एजंटला फोन करायचा होता! आठ दिवस घोकत होते. आंघोळीला गेले तरी आम्ही येऊ, आम्ही राहू. मला म्हणाले, मी याला नीट सांगतो का ते बघ." मग तिने हातातली टोकं सारखी केली. "की तुम्हालाच म्हणाले, कुणास ठाऊक. आता त्यांना तरी ठाऊक असेल का?"

चादर दोघींच्या मध्ये लोंबत होती. आक्काला वाटलं, बरं झालं, एवढंच होतं. पण वहिनीने अजून टोकं सोडली नव्हती, आणि तिचे डोळे भरून आले होते.

"सांगू नको म्हणालेत, पण मी सांगते. मला नाही असं पोटात ठेवून राहता येत. शहाण्या शहराच्या व्हिसाच्या कागदावर बहीण बसत नाही, आक्का. बायको बसते, मूल बसतं, आईवडील बसतात. बहिणीला रकानाच नाही. वर्षातून तीन महिने पाहुणी म्हणून या, म्हणतात. खट्याळ शहराच्या कागदावर शेवटी एक रकाना आहे. 'इतर' म्हणून."

"म्हणजे मी इतर."

"अहो आक्का!"

आणि मग दोघी हसल्या, वहिनी रडता रडता, चादरीला डोळे पुसत. "आता ती परत धुवावी लागणार," आक्का म्हणाली.

"ह्यांना म्हणून खट्याळ हवंय. मला म्हणतात, आपण भिंगरीला रोज आणायला-सोडायला जाऊ. मी खोटं कशाला बोलू, मला पोरीची भीती वाटते. त्या मुलीच्या मागे दोघं घरापर्यंत चालत आले, हे मी वाचते तेव्हा मला तिच्या जागी आपल्या पोरीचीच वेणी दिसते. आणि दुसरीकडे जायचं म्हटलं तर तुम्हाला टाकून आल्यासारखं होईल. दोन महिने आम्ही कपाटावरचा तो कागद भरतोय. त्यावर जे लिहायचंय ते कुणी लिहीतच नाही."

आक्काने तिच्या हातातून टोकं काढून घेतली, घडी पुरी केली, हाताने सपाट केली. "मला कळलं, हे त्याला सांगू नकोस," एवढंच ती म्हणाली.

त्यानंतरच्या दिवसांत तिच्या मनात जे चाललं त्याला विचार म्हणता येणार नाही. ती आत कुठेतरी सूर खाली-वर करत होती. मला जायचंय का? जायचंय, अगदी खाली उतरलं तरी ऐकू येत होतं. बाक, किनारा, गॅलरीतली बोलणी, वीसनंतरचे आकडे. या तीन खोल्यांत एकटीने राहायचं म्हणजे साडेसात वाजले तरी मौन सुटायला कुणी असणार नाही, हेही ऐकू येत होतं. भिंगरी बस थांब्यावरून एकटी चालत येते आहे, हे मात्र ऐकायला आवाज वाढवावाच लागत नव्हता. ते बाकी सगळ्यावरून ऐकू येत होतं. आक्काला आठवलं, छापखान्याच्या घरात एकदा गुंड्या जिन्यावरून उतरून खाली यंत्रापाशी गेला होता. ती वर गणितं सोडवत बसली होती. काय झालं ते तिला आजही सांगता यायचं नाही. पायाखालची थरथर तीच, आवाज तोच, पण त्यात काहीतरी कमी झालं आणि ती वही टाकून चार पायऱ्या एकदम उतरत धावली. यंत्राच्या फिरत्या पट्ट्यापासून वीतभर अंतरावर तो बोट पुढे करून उभा होता. तिने त्याला मागून उचललं. आईला हे दोघांनी कधीच सांगितलं नाही. आता आठवताना तिला वाटलं, त्या धावण्यात आपण कुठे काही ठरवलं होतं. त्याग वगैरे शब्द तिला कधी मानवले नव्हते. ते शब्द समारंभात शोभतात. शिवाय खरं सांगायचं तर, 'इतर' या रकान्यात बसून, पोरीच्या प्रत्येक उशिरा येण्याला खिडकीत उभं राहून, हे सगळं माझ्यापायी असं रोज स्वतःला ऐकवत राहणं तिला जमणारं नव्हतं. तेवढी ती चांगली नव्हती. आणि ती आपणहून काही बोलली नाही, तर गुंड्या महिनाअखेर खट्याळ लिहून मोकळा होणार, हे तिला ठाऊक होतं.

पण सांगायचं कसं? तोंडावर सांगितलं तर तो ऐकणार नाही. लहानपणापासून त्याला नको ते ऐकू येत नसे. दोन संध्याकाळी ती वाक्य घेऊन त्याच्या शेजारी बसली आणि दोन्ही वेळा त्याने समुद्राचं बोलणं काढलं, "आक्का, तिथला वारा म्हणे खारट नसतो," असलं काहीतरी, आणि तिच्याकडे असं पाहिलं, की वाक्य तिने पदरात बांधून परत आणलं.

मग कंपनीने सगळ्यांच्या तब्येतीचे दाखले मागवले. डोळे, छाती, रक्त, कान. मंगळवारी सकाळी अकरा वाजता गुंड्या कागद हलवत तिच्या इस्पितळातल्या खोलीत आला. "बाई, वशिला आहे का? मला पहिला नंबर द्या."

"बसा. चष्मा काढा. च्युइंगम थुंका."

"च्युइंगम नाहीये."

"मग तोंड का हलतंय?"

त्याने आत जाऊन आज्ञाधारकपणे कर्णे चढवले. जाड दार लागलं. काचेपलीकडे तो अचानक दूरचा दिसायला लागला. कानशिलं पांढरी, खांदे जरा उतरलेले, हातात बटण. आक्काने नेहमीचं वाक्य म्हटलं आणि सूर सोडले. वर, खाली. त्याचे कान चांगले होते. लिफ्टच्या यंत्रघरांत पंचवीस वर्षं काढून वरच्या एका सुराला थोडा खड्डा पडला होता, तेवढाच. तिने लाल गोल काढले, निळ्या फुल्या काढल्या. मग शब्दांची तपासणी. तोंडावर पुठ्ठा धरायचा, म्हणजे ओठ वाचता येऊ नयेत, आणि ध्वनिक्षेपकातून एकेक शब्द सांगायचा. आतल्याने तो जसाच्या तसा परत म्हणायचा. पंचवीस शब्दांची यादी तिला पाठ होती.

"पाट."

"पाट."

"दोरी."

"दोरी."

"चाक." चाक. "माळ." माळ. तिचा आवाज मुळातच हळू, आणि तो तसाच हळू परत येत होता, एका माणसाने दोन तोंडांनी बोलावं तसा. पंचविसावा शब्द झाला. आक्काने पुठ्ठा खाली घेतला नाही.

"शहाण्या शहरात जा."

काचेपलीकडे त्याची मान वर झाली. तिने आवाज पाचने वाढवला. "शहाण्या शहरात जा. मला कळलंय सगळं. रकान्याचं."

मग ध्वनिक्षेपकातून, जरा फुगलेल्या, दहा वर्षांच्या मुलाच्या वाटावा अशा आवाजात: "ऐकू नाही आलं."

एकतीस वर्षांत असे पुष्कळ पाहिले होते तिने. नुकसानभरपाईसाठी येणारे, नोकरी चुकवायला येणारे. विचारलं की म्हणतात, ऐकू नाही आलं. त्यांच्यावर ओरडून काही होत नाही. आवाज कमी कमी करत न्यायचा, निम्म्यावर, त्याच्याही निम्म्यावर, धड कान असल्याशिवाय पोचणारच नाही इतका, आणि मग सहज काहीतरी बोलायचं. आक्काने कळ खाली आणली, आणखी खाली आणली, आणि पुठ्ठ्याआडून जवळजवळ श्वासानेच म्हणाली, "उजव्या कानामागे दाढीचा साबण राहिलाय."

गुंड्याचा हात झटकन उजव्या कानाकडे गेला. आणि तिथेच थांबला. तो काचेतून तिच्याकडे बघत राहिला, हात तसाच कानाशी, आणि आधी त्याचे खांदे हसले, मग सगळा चेहरा दुमडला, आणि त्याने ते तोंड दुसऱ्या हाताने झाकून घेतलं. दारं-भिंती सगळ्या गालिच्याच्या. तिला काही ऐकू आलं नाही. ध्वनिक्षेपकातून फक्त कापडाची सळसळ आली. तिने त्याला वेळ दिला. बाहेर बाकावर पुढचा रुग्ण खोकला. मग कळ होती तिथेच ठेवून, आवाज कणभरही न वाढवता, तिने यादीत नसलेला सव्विसावा शब्द सांगितला.

"जा."

त्याने कर्णे नीट केले. तोंड पुसलं. सरळ बसला, तपासणीला बसतात तसा, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून.

"येतो," तो म्हणाला.

नियमाने तो शब्द चुकला होता. आक्काने त्याच्यापुढे बरोबरची खूण केली, खाली सही केली, आणि दार उघडायला उठली.